जुनं कोल्ट घ्यावं की नवं घडवून घ्यावं?

मला कोल्ट या अमेरिकी कंपनीचं सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्व्हर हवं आहे. एवढं पक्कं आहे. अडलं आहे ते कोणत्या वाटेनं जायचं यावर. एक वाट म्हणजे पहिल्या पिढीतलं, शंभराहून जास्त वर्षांचं मूळ रिव्हॉल्व्हर शोधून विकत घ्यायचं. दुसरी म्हणजे आजची एखादी चांगली फ्रेम, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, घेऊन परवानाधारक, कसलेल्या कारागिराकडून ते मनासारखं घडवून घ्यायचं. नळीची लांबी माझी, मुठीचं लाकूड माझं, चाप किती हलका ते माझं, रंग माझा. दोन्ही वाटा खर्चिक आहेत आणि दोन्ही एकदम जमण्यासारख्या नाहीत, म्हणून निवड करणं भाग आहे.

माझं रोजचं काम मोजमापाचं. टूलरूमला लागणारे गेज तपासायचे, दोन भागांतली फट मोजायची, पृष्ठभाग किती गुळगुळीत झालाय ते आलेखावर बघायचं, हाताखालून गेलेल्या प्रत्येक तुकड्याचा कागद करायचा. त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी घडवूनच घेणार. मलाही तसंच वाटत होतं. परवाना आणि जवळ बाळगण्याचे नियम यांबद्दल इथे लिहीत नाही. ते ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्याप्रमाणे आधी पुरं करायचं, आणि ते झाल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे.

हेच रिव्हॉल्व्हर का, तर त्याच्या यंत्रणेमुळे. १८७३ साली अमेरिकेच्या सैन्यानं ते स्वीकारलं. पॉइंट ४५चं (साधारण ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचं) काडतूस, साडेसात इंची नळी, सहा घरांचं सिलिंडर. आत हलणारे भाग इतके कमी की झाकणं उघडून पाहिलं तर यातून काय काढता येईल असा प्रश्न पडतो, आणि काहीच काढता येत नाही. घोडा मागे ओढताना चार वेळा 'टक' ऐकू येतं. पहिला आवाज सुरक्षेच्या खाचेचा, दुसरा काडतूस भरायच्या खाचेचा, तिसरा सिलिंडर अडवणारी खिटी वर येऊन सिलिंडरला टेकते त्याचा आणि चौथा घोडा पूर्ण ताणला गेल्याचा. हे चार आवाज कसे येतात, स्वच्छ येतात की एकमेकांत मिसळतात, यावरून आतल्या भागांची झीज बरीचशी कळते. खिटी लवकर वर आली तर सिलिंडरवर गोल ओरखडा उमटतो. उशिरा आली तर सिलिंडर जागेवर बसायच्या आधीच घोडा ताणला जातो. एखादं यंत्र आपली तब्येत कानाला सांगतं हे मला फार आवडतं.

पहिली पिढी १८७३पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत चालली आणि क्रमांक साडेतीन लाखांच्या पुढे गेले. युद्धानंतर कोल्टनं ते बंदच ठेवलं होतं. मागणी वाढली तेव्हा १९५६ला दुसरी पिढी आली, ती १९७४पर्यंत टिकली, आणि १९७६पासून तिसरी. संग्राहक 'जुनं कोल्ट' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पहिलीच पिढी असते.

आधी विकत घेण्याच्या वाटेबद्दल.

जुनं रिव्हॉल्व्हर घेताना आपण पोलादापेक्षा त्याच्या वरच्या थराचे पैसे जास्त मोजतो. नळी, सिलिंडर आणि मुठीच्या पट्ट्यांवरची कारखान्यातली निळाई (गंज रोखणारा निळसर-काळा थर) आणि फ्रेमवरचे केस हार्डनिंगचे, म्हणजे पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटलेले, रंग किती टक्के शिल्लक आहेत, यावर किंमत हलते. तोच नमुना, तेच साल, पण मूळ निळाई उरलेलं एक आणि नंतर कुणीतरी पुन्हा निळं केलेलं दुसरं, या दोघांत जमीनअस्मानाचा फरक. नव्यानं निळं केलेलं दुरून जास्त सुंदर दिसतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. जुनी निळाई वापरानं तपकिरी, जांभळट होत जाते. मुठीच्या मागच्या पट्टीवरून आणि नळीच्या टोकाशी, म्यानात घासून, ती आधी जाते. झीज हाताच्या आणि म्यानाच्या जागी असली तर ती खरी. सगळीकडे सारखीच झीज असेल तर शंका घ्यावी.

पुन्हा पॉलिश केलेलं ओळखायला मला भिंग आणि तिरका उजेड पुरतो. कारखान्यातून निघालेल्या फ्रेमचे कोपरे टोकदार असतात. पॉलिशच्या चाकावर धरलेले कोपरे गोल होतात. स्क्रूच्या भोकांची कड मूळ असेल तर सरळ उभी असते; पॉलिश झालेली असेल तर भोकाभोवती बशीसारखा खळगा होतो आणि त्यात उजेड वळतो. नळीवरचा कारखान्याचा पत्ता, फ्रेमवरच्या पेटंटच्या तारखा हे ठसे मारताना धातू बाजूला सरकून कडेला बारीक उंचवटा राहतो. तो उंचवटा नसेल आणि अक्षरं उथळ असतील, तर तिथला धातू कुणीतरी घासून नेलेला आहे. एकदा गेलेला धातू परत येत नाही. वेल्डिंगनं भरून, पुन्हा ठसे मारून, उत्तम कारागीर तो मूळच्यासारखा दाखवू शकतात आणि अशा कामाबद्दल मला आदरही आहे. पण ते जीर्णोद्धाराचं काम म्हणूनच विकलं गेलं पाहिजे.

मग क्रमांक. या रिव्हॉल्व्हरवर अनुक्रमांक फ्रेमच्या तळाशी, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर असतो. सुरुवातीच्या काळातल्या नगांवर तो सिलिंडरवर आणि इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) नळीखाली, मुख्य नळीच्या पोटाशीही सापडतो. सगळे जुळले तर उत्तम. एखादा वेगळा निघाला तर त्या रिव्हॉल्व्हरच्या आयुष्यात काहीतरी घडलंय, आणि काय घडलंय ते माहीत नसेल तर किंमत खाली येते. सैन्याच्या नगांवर निरीक्षकांची आद्याक्षरंही असतात. ऑर्व्हिल एन्सवर्थ या निरीक्षकानं पहिल्या काळातली रिव्हॉल्व्हरं तपासली. त्याची अक्षरं असलेल्या नगांना इतकी मागणी आहे की खोटी अक्षरं आणि 'यू. एस.'चा खोटा ठसा मारलेली साधी नागरी रिव्हॉल्व्हरंही बाजारात फिरतात.

कोल्टच्या अभिलेखागारातून क्रमांकावरून पत्र मागवता येतं. तो नग कोणत्या तारखेला कारखान्यातून निघाला, नळी किती लांब होती, कोणत्या काडतुसासाठी होता, रंग कोणता, कुणाला पाठवला, एवढं त्यात मिळतं. माझ्यासारखीला हे पत्र म्हणजे पर्वणी. मात्र ते बोलतं क्रमांकाबद्दल. समोर पडलेल्या धातूबद्दल ते एक अक्षरही बोलत नाही. पत्रात साडेसात इंच आणि हातात पावणेपाच असेल, तर मधली पावणेतीन इंच कुठे, कधी, कुणी कापली हे शोधायचं काम आपलंच.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या निर्णयात जड गेली. सुरुवातीची फ्रेम काळ्या, धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या काळातली. ती ओळखायला सोपी: सिलिंडर ज्यावर फिरतं ती पिन धरून ठेवणारा स्क्रू फ्रेमच्या समोरून तिरका आत जातो. १८९०च्या दशकात त्याजागी आडवा दाबायचा खटका आला. धूररहित दारूला चालेल अशी हमी कोल्टनं १९००च्या सुमारास द्यायला सुरुवात केली. त्याआधीचं पोलाद आजच्या काडतुसाच्या दाबासाठी नाही. अशा रिव्हॉल्व्हरमधून आजचं काडतूस मारून बघणं मला मान्यच नाही. मारणाऱ्याच्या हातासाठी नाही आणि त्या सिलिंडरसाठीही नाही. म्हणजे जुनं घेतलं तर ते मुख्यतः बघायचं, क्वचित हळुवार घोडा ओढून ऐकायचं, आणि तेल लावून ठेवायचं.

आता घडवून घेण्याची बाजू, जी मला मनापासून खुणावत होती.

घडवलेल्या रिव्हॉल्व्हरलाही मोठी परंपरा आहे. एल्मर कीथ हा रँचवर वाढलेला शिकारी आणि लेखक. १९२०च्या दशकात त्यानं सिंगल ॲक्शन आर्मीच्या आराखड्यावर आपल्या कल्पनेचं रिव्हॉल्व्हर बनवून घेतलं, तेच 'नंबर फाइव्ह'. मूठ वेगळी, घोड्याचा अंगठ्याचा भाग वेगळा, वर सपाट फ्रेम आणि हलवता येणारी माशी (नेम धरायची खूण). एका कारागिराचं काम नव्हतं ते, तीन-चार जणांचे हात त्याला लागले. आज ते अनेक कारखानी नगांपेक्षा जास्त ओळखलं जातं. पुढे हॅमिल्टन बोवेन आणि जॉन लाइनबॉ यांच्यासारख्यांनी रुगर या अमेरिकी कंपनीच्या भक्कम फ्रेमवर पाच घरांची सिलिंडरं बसवून या कलेला वेगळ्याच उंचीवर नेलं. सहाऐवजी पाच घरं केली की दोन घरांमधली भिंत जाड होते. शिवाय घराच्या बरोबर बाहेर, जिथे भिंत सगळ्यात पातळ, तिथे येणारी खिटीची खाच दोन घरांच्या मधे सरकते. हे मी पहिल्यांदा कागदावर काढून बघितलं तेव्हा तास कसे गेले कळलं नाही.

कारागीर जे देऊ शकतो ते कारखाना क्वचितच देतो. सिलिंडरचं प्रत्येक घर त्याच फ्रेमवर, त्याच नळीच्या रेषेत धरून कापणं. घराचं तोंड आणि नळीचा आतला व्यास एकमेकांना जुळवणं. (जुन्या पॉइंट ४५ कोल्टमध्ये नळीचा व्यास ०.४५४ इंच, युद्धानंतर ०.४५१, त्यामुळे ही जुळणी हा कायमचाच वादाचा विषय.) सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट ०.००४ ते ०.००६ इंचांत आणणं, सिलिंडरची पुढेमागे होणारी हालचाल जवळजवळ नाहीशी करणं. ही माझ्या रोजच्या व्यवहारातली मापं आहेत. फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ धातूची, पट्टी त्या फटीतून जाताना बोटाला जो हलका अडथळा लागतो, तो मला आवाजाइतका स्पष्ट कळतो.

आणि रंग! केस हार्डनिंगची जुनी पद्धत अजून जिवंत आहे. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा ठरावीक प्रमाणात मिसळून त्यात फ्रेम पेटीत बंद करायची, पेटी भट्टीत तापवायची, कार्बन पृष्ठभागात शिरू द्यायचा आणि मग सगळं एकदम पाण्यात ओतायचं. पाण्यातून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. निळा, राखाडी, तपकिरी, मधूनच पिवळसर असे ढग फ्रेमवर उमटतात ते या क्षणात. कोणता ढग कुठे येईल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. कुशल माणूस फक्त परिस्थिती आखून देतो. फ्रेम वाकू नये म्हणून आत आधाराचे ठोकळे बसवतात. डग टर्नबुल यांच्या कार्यशाळेनं ही विद्या पुन्हा उभी केली आणि त्यांच्या फ्रेमचे रंग पाहून मला १८७०च्या दशकातली नवी कोरी रिव्हॉल्व्हरं कशी दिसत असतील याची पहिल्यांदा कल्पना आली. मूळ रिव्हॉल्व्हरांवर हे रंग उजेडानं आणि हाताळण्यानं विरून बहुतेकदा करडे झालेले असतात.

नक्षीबद्दल थोडंसंच. गुस्ताव यंग, निम्शके, हेल्फ्रिश्ट या एकोणिसाव्या शतकातल्या कोरक्यांची कामं मी तासन्‌तास बघू शकते. पण मला साधं रिव्हॉल्व्हर हवं आहे. हस्तिदंती मूठही नको. १९८९ला वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली हस्तिदंताच्या व्यापाराला जी बंदी ठरली ती योग्यच होती असं माझं मत आहे, आणि अक्रोडाची एका तुकड्यातली मूठ या रिव्हॉल्व्हरला जास्त शोभते.

या टप्प्यावर मी माझे एक जाणते स्नेही, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांच्याशी बोलले. त्यांचा संग्रह लहान आहे, पण त्यातला प्रत्येक नग त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी आधी एकच विचारलं, "घडवायचं ते कशावर?"

"नव्या फ्रेमवर, काका. जुन्याला हात लावणार नाही."

"मग पुढे बोलू. नाहीतर बोलायचंच नव्हतं."

याबद्दल ते कडक आहेत आणि मीही. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वेब्ली मार्क सहा, पॉइंट ४५५चं. नंतरच्या काळात त्याचं काडतूस मिळेनासं झालं, म्हणून कितीतरी नगांची सिलिंडरं मागून तासून त्यात पॉइंट ४५ एसीपीचं, म्हणजे पिस्तुलाचं, काडतूस क्लिपसह बसेल असं केलं गेलं. तेव्हा वेब्ली ढिगानं मिळत होती, कुणाला वाईट वाटलं नाही. आज न तासलेलं सिलिंडर शोधावं लागतं. जुन्या कोल्टांचंही तसंच झालं. चांगल्या पहिल्या पिढीच्या फ्रेमवर नवीन माश्या, नवीन नळ्या, नवीन काडतुसं चढली. काम करणारे वाईट नव्हते, वस्तू तेव्हा साधी होती एवढंच. आता ती साधी नाही.

काकांनी एक चांगला दाखला दिला तो रुगरचा. १९७३च्या आधीच्या रुगर सिंगल ॲक्शनमध्ये घोडा काडतुसावर टेकलेला राहायचा, म्हणून एक घर रिकामं ठेवून ती बाळगायची. पुढे कंपनीनं सुरक्षिततेचा नवा भाग फुकट बसवून द्यायला सुरुवात केली आणि काढलेले जुने भाग मालकाला परत पाठवले. ते भाग जपून ठेवलेले असतील तर संग्राहक आजही त्या रिव्हॉल्व्हरकडे वेगळ्या नजरेनं बघतो, कारण परतीची वाट शिल्लक आहे. "कुठलंही काम कर," काका म्हणाले, "निघालेला प्रत्येक स्क्रू पुडीत ठेव आणि पुडीवर लिही."

मग मी त्यांना माझा लाडका मुद्दा सांगितला. स्मिथ अँड वेसननं १९३५ साली पॉइंट ३५७ मॅग्नम आणलं ते मुळात मागणीप्रमाणे बनवून देण्यासाठीच. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊपर्यंत हवी ती, माशी हवी ती, मूठ हवी ती. प्रत्येक नगाला नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र. पहिलं एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना दिलं. चार-पाच वर्षांत ही नोंदणी संपली, सुमारे साडेपाच हजार नग झाले, आणि आज 'रजिस्टर्ड मॅग्नम' हे संग्राहकांच्या सर्वात आवडत्या रिव्हॉल्व्हरांपैकी एक आहे. मग घडवून घेतलेलं रिव्हॉल्व्हर संग्रहाचं नाही असं कसं म्हणायचं?

काकांना हे मान्य होतं. त्यांचं म्हणणं इतकंच की तिथे वही कारखान्यानं ठेवली होती. एखादा कारागीर काम सोडतो, त्याचं दुकान बंद होतं, त्याच्या वह्या घरच्यांना नकोशा होतात, आणि वीस वर्षांनी त्या रिव्हॉल्व्हरकडे 'कुणीतरी बदल केलेलं' म्हणून बघितलं जातं. मोठं नाव असेल तर गोष्ट वेगळी. नाव मोठं नसेल आणि काम मोठं असेल, तर कागद तुम्ही सांभाळायचे: मागणीपत्र, प्रत्येक टप्प्याचे फोटो, मापं, कारागिराची सही. मी घडवून घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळकळीनं सांगेन. घातलेला पैसा परत येईल या हिशोबानं मात्र घडवू नये. तुमच्या हाताच्या मापाची मूठ दुसऱ्याच्या हातात बसेलच असं नाही.

तरीही मी घडवायच्याच बाजूला होते. बसून मागणीपत्रक लिहिलं. फ्रेम जुन्या घाटाची, पिनेचा स्क्रू समोरून. केस हार्डनिंग हाडांच्या कोळशाचं. निळाई जुन्या पद्धतीची, आजच्या गरम क्षारांच्या कुंडातली नको. अक्रोडाची एकसंध मूठ, वर तेलाचा हात. कोपरे टोकदार, स्क्रूची डोकी त्या काळासारखी किंचित घुमटाकार. नळीवरच्या अक्षरांचा घाट जुना. पत्रक वाचून काढलं तेव्हा दिसलं की त्यात माझं असं काहीच नव्हतं. एकूण एक ओळ १८७३च्या हार्टफर्डकडे, म्हणजे कोल्टच्या कारखान्याच्या गावाकडे, बोट दाखवत होती. कीथला जे हवं होतं ते तोवर अस्तित्वातच नव्हतं, म्हणून त्यानं घडवलं. मला जे हवं होतं ते कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी बनवून ठेवलेलं आहे, आणि मी त्याची अतिशय अचूक प्रत मागत होते. अचूक प्रत कशी काढायची हे मला कामातून माहीत आहे. पुरेसा वेळ आणि योग्य यंत्रं मिळाली तर मिळतेच. आणि प्रत मिळाल्यावर मी ती भिंगाखाली धरून मूळ कसं असेल याचाच विचार करत बसले असते.

माझ्या मनात तराजू तिथे झुकला. पण पहिल्या पिढीतलं, रंग शाबूत असलेलं नग घेणंही मला जमणारं नाही. किंमत हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे असं रिव्हॉल्व्हर घरात आलं की त्याचा घोडासुद्धा ओढायचा नाही, कारण खिटीचा पहिला ओरखडा सिलिंडरवर आपल्याच हातून उमटणार. मला ते चार आवाज ऐकायचे आहेत.

काकांनीच मग आर्टिलरी प्रकाराकडे लक्ष वेधलं. त्यांच्याकडे एक आहे. ते मी आधीही पाहिलं होतं, पण या प्रश्नाच्या उजेडात पाहिलं नव्हतं.

सैन्यानं १८९२ साली पॉइंट ३८ची नवी कोल्ट रिव्हॉल्व्हरं घेतली आणि जुनी पॉइंट ४५ची कोठारात गेली. १८९५पासून ती बाहेर काढून दुरुस्तीला घेतली. नळी पुढून दोन इंच कापून साडेपाच केली, माशी पुन्हा बसवली, झिजलेले भाग बदलले, पुन्हा निळी केली. पहिला भाग स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात झाला आणि पुढचा मोठा भाग कोल्टच्याच कारखान्यात. हलक्या तोफखान्याला ती दिली, म्हणून आर्टिलरी हे नाव. फिलिपाइन्सच्या लढाईत पॉइंट ३८ कमी पडलं तेव्हा हीच कापलेली पॉइंट ४५ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा सैनिकांच्या हातात गेली.

दुरुस्ती करताना शेकडो रिव्हॉल्व्हरं एकाच वेळी सुटी केली होती, आणि जोडताना कुठला भाग कुठल्या फ्रेमचा हे कुणी पाळलं नाही. क्रमांक मिसळले. दुसऱ्या कुठल्याही कोल्टवर न जुळणारे क्रमांक म्हणजे उणीव. इथे तेच पुरावा ठरतात. फ्रेम एका वर्षीची, चापाची कडी दुसऱ्या वर्षीची, मुठीची पट्टी तिसरीच, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, रिव्हॉल्व्हर अस्सल. मला हे विलक्षण वाटतं. हे रिव्हॉल्व्हर दोनदा बनलं आहे, दोन्ही वेळा अधिकृतपणे, आणि दुसऱ्यांदा बनवणाऱ्यांनी त्याचा संग्रह होईल असा विचार स्वप्नातही केला नसेल. कापणं, निळं करणं, भाग बदलणं हे सगळं त्याच्यावर आधीच होऊन गेलं आहे आणि ते त्याच्या इतिहासाचा भाग झालं आहे. सैनिकांनी वापरलेलं असल्यानं बहुतेक नगांची निळाई आधीच घासलेली आहे. मी घोडा ओढला तर त्याचं काही बिघडत नाही, आतले भाग ठीक असले म्हणजे झालं.

अर्थात नकली इथेही आहेत. साडेसात इंची कोल्ट कुणीही कापू शकतं, आणि भंगारातले भाग जोडून 'मिसळलेले क्रमांक' दाखवणं तर सगळ्यात सोपं. म्हणून क्रमांक मिसळलेले असून भागत नाही. प्रत्येक क्रमांक सरकारी खरेदीच्या काळातला असला पाहिजे. नळी पुढून कापलेली असेल तर वरचा पत्त्याचा ठसा मध्यावर राहत नाही, माशीच्या बाजूला सरकलेला दिसतो. लाकडी मुठीवर दुरुस्तीच्या वेळच्या निरीक्षकाचा शिक्का, बऱ्याचदा रिनाल्डो कार यांची आर. ए. सी. ही अक्षरं, असावीत, आणि लाकूड पट्टीला हात फिरवला तरी न अडखळता मिळालेलं असावं. कोल्टच्या पत्रात फक्त फ्रेमच्या क्रमांकाची पहिली पाठवणी मिळेल. बाकीच्या तीन-चार भागांचा शोध वेगळा घ्यावा लागेल. म्हणजे एका रिव्हॉल्व्हरमागे तीन-चार रिव्हॉल्व्हरांचा अभ्यास. माझ्यासारख्या कागदवेड्या बाईला यापेक्षा जास्त काय हवं?

एक नग सध्या बघते आहे. फ्रेम, कडी आणि मागची पट्टी यांचे क्रमांक विक्रेत्यानं कळवले. तिन्ही वेगळे आहेत आणि तिन्ही सैन्याच्या पुरवठ्याच्या काळातले आहेत. मुठीवरचा शिक्का फोटोत वाचता येतो. मी इजेक्टरची नळी काढून तिच्याखालच्या क्रमांकाचा फोटो मागितला, तर त्यानं नकार दिला. म्हणाला, त्या स्क्रूची खाच अजून शाबूत आहे आणि चुकीच्या ड्रायव्हरनं ती मला बिघडवायची नाही. बघायचं असेल तर या आणि स्वतः काढा. या उत्तरानं माझा त्या माणसावर विश्वास बसला. खाचेची रुंदी आणि जाडी त्यानं मोजून कळवली आहे. त्या मापाचा ड्रायव्हर मी घासून तयार केला आहे, त्याची पाती समांतर आहे आणि टोकाला पाचर नाही. भिंग, फिलर गेज आणि काका यांना घेऊन पुढच्या आठवड्यात जाते आहे. नळीवरचा क्रमांक काळाशी जुळला आणि चारही आवाज सुटे आले, तर तिथेच होकार देणार आहे.